चोर बीटी: पाकिटात काय असतं आणि कायद्यात काय लिहिलं आहे

संपादक महोदय,

मृगाच्या तोंडावर विदर्भातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. अमुक तालुक्यात इतक्या लाखांचं बोगस कपाशी बियाणं जप्त. बातमीत पाकिटांची संख्या असते, गाडी कुठं अडवली ते असतं, पथकात कोण होतं ते असतं. पाकिटात नेमकं काय होतं आणि कारवाई कोणत्या कायद्याखाली झाली, हे मात्र बहुधा नसतं. मग पारावरची चर्चा दोन टोकांना जाते. एक जण म्हणतो, जगभर चालणारं तंत्रज्ञान सरकार आपल्याला मिळू देत नाही. दुसरा म्हणतो, हे विषारी बियाणं आहे, जमीन नासवतं, कॅन्सर करतं. दोघांचीही माहिती अर्धवट असते आणि बिनबिलाचं पाकीट विकणाऱ्याचा धंदा त्या अर्धवट माहितीवरच चालतो. अजून पेरण्या व्हायच्या आहेत, म्हणून चोर बीटीबद्दल, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या विनापरवाना कपाशी बियाण्याबद्दल, हे सविस्तर लिहितो आहे.

आधी बियाण्याबद्दल. कृषी केंद्रात मिळणाऱ्या अधिकृत बीजी-२ कपाशीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जमिनीतल्या जिवाणूची दोन जनुकं असतात, क्राय१एसी आणि क्राय२एबी. त्यांच्यामुळे झाडात तयार होणारी प्रथिनं बोंडअळीच्या आतड्यावर काम करतात. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर त्यांचा काही परिणाम होत नाही. एचटीबीटी (एचटी म्हणजे तणनाशक सहन करणारी), म्हणजे गावात जिला चोर बीटी म्हणतात, तिच्यात आणखी एक जनुक असतं: सीपी४ ईपीएसपीएस. हेही एका जिवाणूतून, अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या सीपी४ नावाच्या प्रकारातून घेतलेलं. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतीतलं ईपीएसपीएस नावाचं विकर बंद पाडतं. ते बंद पडलं की झाडाला तीन आवश्यक अमिनो आम्लं तयार करता येत नाहीत आणि ते वाळतं. जिवाणूकडून आलेलं विकर ग्लायफोसेटनं बंद पडत नाही, म्हणून तण मरतं आणि पऱ्हाटी (कपाशीचं झाड) उभी राहते. या जनुकाचं काम एवढंच आहे.

म्हणजे या जनुकानं पिकाचं उत्पादन वाढत नाही. बोंडं किती लागतील, किती वजनाची होतील, पावसाचा खंड झाड किती सोसेल, हे सगळं ते जनुक ज्या मूळ वाणात घातलं त्या वाणावर ठरतं. बिनबिलाच्या पाकिटावर मूळ वाण कोणता ते लिहिलेलं नसतं, किंवा जे लिहिलेलं असतं ते तपासायला मार्ग नसतो. निंदणाचा खर्च वाचला म्हणून हातात चार पैसे जास्त राहिले, हे खरं असू शकतं. पण ती बचत आहे, उतारा वाढलेला नाही. विक्रेता या दोन गोष्टी मुद्दाम एकत्र करून सांगतो.

गुलाबी बोंडअळीही या जनुकानं थांबत नाही. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं जे नुकसान केलं ते अधिकृत बीजी-२ कपाशीवरच केलं, कारण अळी दोन्ही क्राय प्रथिनांना सरावली होती. ती का सरावली, याचं एक कारण आपल्याकडे कपाशी संकरित आहे, हे आहे. संकरित वाणात बीटी जनुकं एकाच पालकाकडून आलेली असतात. त्यामुळे झाडाच्या पानात प्रथिन असतं, पण त्याच झाडाच्या बोंडातल्या सरक्यांत जनुकांची वाटणी होते. साधारण सोळा सरक्यांपैकी एकीत दोन्ही जनुकं नसतात आणि काहींत एकच असतं. गुलाबी अळी बोंडात शिरून सरकीच खाते. एकाच बोंडात तिला पूर्ण मात्रा, अर्धी मात्रा आणि बिनविषारी अशा तिन्ही प्रकारच्या सरक्या मिळतात. अर्धी मात्रा पचवून जगलेल्या अळीची पिढी पुढं वाढते. फरदड (हंगाम संपल्यावरही उभं राखलेलं कपाशीचं पीक) ठेवल्यानं आणि नॉन बीटी ओळी न लावल्यानं हे आणखी लवकर घडलं. पूर्वी पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन बीटीची वेगळी पुडी यायची आणि ती बहुतेकांच्या धुऱ्यावर पडून राहायची. म्हणून आता ४७५ ग्रॅमच्या पाकिटातच पाच ते दहा टक्के नॉन बीटी सरकी मिसळलेली येते. चोर पाकिटात ही मिसळण कोण करणार? त्यात बीटीची दोन्ही जनुकं आहेत की एकच आहे की एकही नाही, याचीही खात्री कोणी देत नाही. एचटी आहे म्हणून बोंडअळीची चिंता नाही असं समजून कामगंध सापळे (पतंगांना गंधानं ओढणारे) न लावणारा शेतकरी डोमकळ्या (अळी शिरल्यानं न उमललेली फुलं) दिसेपर्यंत बेसावध राहतो. सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग आले किंवा शंभर फुला-बोंडांत दहा किडकी निघाली की फवारणीची वेळ झाली, हा नियम एचटीबीटीलाही तसाच लागू आहे.

आणखी एक गैरसमज म्हणजे ही पऱ्हाटी कोणतंही तणनाशक सहन करते. ती फक्त ग्लायफोसेट सहन करते. ग्लुफोसिनेट, पॅराक्वाट किंवा टू-फोर-डी अंगावर पडलं तर एचटीबीटी आणि साधी कपाशी दोन्ही सारख्याच जळतात. टू-फोर-डी तर इतकं तीव्र आहे की पंप नीट न धुता त्याच पंपानं कपाशीवर कीटकनाशक मारलं तरी शेंड्याची पानं अरुंद, चिरलेली, भेंडीच्या पानासारखी येतात. हा रोग समजून पुन्हा बुरशीनाशकावर खर्च केला जातो. टू-फोर-डीचा पंप वेगळाच ठेवावा.

चोर पाकिटातली सर्वांत मोठी फसवणूक फवारणीनंतर उघडी पडते. काही पाकिटांत मागच्या हंगामातल्या एचटी पऱ्हाटीची सरकी असते. जिनिंगमधून आणलेली, आम्लानं तूस काढलेली, रंग लावून भरलेली. ही सरकी दुसऱ्या पिढीची असते. वर सांगितलेला वाटणीचा नियम इथंही लागू होतो: चार झाडांपैकी सरासरी तीन झाडांत एचटी जनुक येतं, एकात येत नाही. उगवण चांगली दिसते, झाडं सारखीच दिसतात, शेतकरी समाधानी असतो. मग तो ग्लायफोसेट मारतो. चार-पाच दिवसांनी ओळीत मधेमधे एखाद्या झाडाचा शेंडा पिवळा पडू लागतो, नवं पान लहान आणि फिकट येतं, आणि दोन आठवड्यांत ते झाड वाळतं. शेजारचं झाड हिरवंगार असतं. लोक याला मर रोग म्हणतात, उधई म्हणतात, औषध जास्त झालं म्हणतात. प्रत्यक्षात ती वाटणी आहे. तोवर जुलै मध्यावर आलेला असतो आणि खाडे (रिकाम्या जागा) भरायची वेळ गेलेली असते. शिवाय दुसऱ्या पिढीत झाडांची उंची, फुलोरा, बोंडाचा आकार सगळंच मागंपुढं होतं. वेचणी लांबते आणि गुलाबी अळीला जास्त दिवस खायला मिळतं.

दुसरी अडचण तंत्रज्ञानाच्या पिढीची. एचटी कपाशीच्या पहिल्या पिढीत ग्लायफोसेटची फवारणी चार पानं येईपर्यंतच चालत असे. त्यानंतर मारलं तर झाड मरत नसे, पण पराग निकामी होऊन पात्या (कळ्या) आणि लहान बोंडं गळत. नंतरच्या पिढीत ही मर्यादा बरीच पुढं गेली. आपल्या पाकिटात यातलं कोणतं आहे? छापलेलं नसतं. पऱ्हाटी हिरवी आहे पण पाती टिकत नाही, अशी तक्रार आली तर आधी फवारणीची तारीख आणि त्या दिवशी झाडाला किती पानं होती हे विचारावं.

आणि तूर. विदर्भातल्या कोरडवाहू कपाशीत तुरीच्या ओळी असतातच. पऱ्हाटी गेली तरी तूर घर सावरते, म्हणून आपल्या जुन्या माणसांनी ती पद्धत ठेवली. ग्लायफोसेटला तूर आणि तण सारखंच. म्हणजे सलग फवारणी करायची तर तूर सोडावी लागते. निंदणाची बचत मोजताना ही सोडलेली तूर कोणी मोजत नाही. शेजाऱ्याच्या सोयाबीनवर वाऱ्यानं औषध गेलं तर होणारं भांडण वेगळंच.

तणाबाबतही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ग्लायफोसेट उगवलेल्या हिरव्या तणावर चालतं, जमिनीत त्याचा असर राहत नाही, पुढच्या पावसाला नवं तण उगवतंच. नाल्याच्या गढूळ पाण्यात मिसळलं तर ते मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. केना हे तण त्याला मुळातच फारसं दाद देत नाही. दरवर्षी हेच एक औषध मारलं की बाकीचं तण जातं आणि केना वावरभर पसरतो. ग्लायफोसेटची मात्रा या पत्रात देत नाही, कारण कपाशीसाठी आपल्याकडे तिला लेबलवर मान्यताच नाही. भारतात या औषधाची नोंदणी चहाचे मळे आणि बिगरपीक जागेसाठी आहे. केंद्राच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनं तर त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला.

अधिकृत कपाशीत तणनाशकाशिवाय पर्याय नाही असं मात्र नाही. पेंडीमेथॅलीन ३० ईसी एकरी एक लिटर, दोनशे लिटर पाण्यातून, टोकणीनंतर दोन दिवसांच्या आत आणि जमीन ओली असताना. कोरड्या मातीवर मारलं तर पैसे वाया, आणि उगवलेलं तण त्यानं मरत नाही. पुढं तण दोन ते चार पानांवर असताना गवतवर्गासाठी क्विझालोफॉप इथाईल ५ ईसी एकरी ४०० मिली, रुंद पानाच्या तणासाठी पायरीथायोबॅक सोडियम १० ईसी एकरी २५० ते ३०० मिली. पायरीथायोबॅक तुरीच्या ओळीवर जाऊ देऊ नये. यानं सगळं तण जात नाही, एखादं निंदण आणि दोन डवरण्या लागतातच. पण जून-जुलैत मजूर एकदम मिळत नाहीत तो काळ निभतो. पहिले साठ दिवस पीक तणमुक्त राहिलं की पुढं पऱ्हाटी स्वतःच सावली धरते.

आता तपासणीच्या पट्टीबद्दल. पथकं हल्ली पट्टी वापरतात. पानाचा नखाएवढा तुकडा किंवा एक सरकी छोट्या नळीत द्रावणात चेचायची, त्यात पट्टी बुडवायची, पाच-दहा मिनिटांत रेषा उमटतात. एक रेषा म्हणजे पट्टी चालू आहे, दोन म्हणजे सीपी४ प्रथिन सापडलं. एकही उमटली नाही तर ती तपासणी बाद धरून नवी पट्टी घ्यायची. ही पट्टी झटपट कल देते. वाण कोणता, उगवण किती, भेसळ किती, यातलं ती काही सांगत नाही. एका सरकीची पट्टी दोन रेषा दाखवते म्हणून सगळं पाकीट एचटी ठरत नाही, आणि एका सरकीत आली नाही म्हणून पाकीट निर्दोषही ठरत नाही. न्यायालयात टिकायचं तर रीतसर नमुना घेऊन प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. विक्रेता ग्राहकासमोर पट्टी बुडवून ‘अस्सल माल’ दाखवतो, तेव्हा तो फक्त एका सरकीबद्दल सांगत असतो.

कायद्याकडे येतो. एचटीबीटी बेकायदा का? ती विषारी सिद्ध झाली म्हणून नाही, आणि सरकारनं चाचण्यांनंतर नाकारली म्हणूनही नाही. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली १९८९ चे नियम आहेत. जनुकीय बदल केलेल्या कोणत्याही सजीवाचं उत्पादन, विक्री किंवा वापर जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीच्या, म्हणजे जीईएसीच्या मान्यतेशिवाय करता येत नाही, असं ते नियम सांगतात. बीटी कपाशीला ही मान्यता मार्च २००२ मध्ये मिळाली, बीजी-२ ला २००६ मध्ये. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचा अर्ज आला, शेतचाचण्या झाल्या, आणि २०१६ मध्ये अर्जदार कंपनीनंच तो अर्ज मागं घेतला. आज बाजारात चोरून फिरणाऱ्या एकाही पाकिटाला ती मान्यता नाही.

‘आधी पेरा, मग सरकार मान्यता देतंच’ हा समज गुजरातच्या उदाहरणावर उभा आहे. २००१ मध्ये तिथं नवभारत-१५१ नावाचं विनापरवाना बीटी वाण शेतात सापडलं आणि काही महिन्यांनी बीटीला मान्यता मिळाली. पण मान्यता मिळाली ती मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन चाचणी झालेल्या संकरित वाणांना. नवभारत-१५१ ला मिळाली नाही. उद्या एचटी कपाशीला परवानगी मिळाली तरी ती अर्जातल्या तपासलेल्या वाणांना मिळेल. दुसऱ्या पिढीची सरकी भरलेलं पाकीट तेव्हाही बेकायदाच राहील. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथं शेतकरी संघटनेनं जाहीरपणे एचटीबीटीची लागवड केली, ती तंत्रज्ञान स्वातंत्र्याची उघड मागणी होती आणि तशी मागणी करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्या आंदोलनाचं नाव सांगून रात्री पाकिटं विकणाऱ्याचा त्या मागणीशी काही संबंध नाही.

शिक्षेबद्दल तर सगळीकडेच गोंधळ आहे. ‘एचटीबीटी पेराल तर पाच वर्षे कैद आणि एक लाख दंड’ असा मजकूर कृषी केंद्रांच्या भिंतींवर आणि मोबाईलवरच्या संदेशांत अजून दिसतो. पर्यावरण कायद्याच्या कलम १५ मधली ही तरतूद जनविश्वास कायदा २०२३ नं बदलली, आणि बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आता दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत आर्थिक दंड आहे आणि तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. कैद येते ती ठोठावलेला दंड मुदतीत भरला नाही तर. मात्र ‘आता कैद नाही, बिनधास्त विका’ हा संदेशही तितकाच खोटा आहे. विनापरवाना बियाणं विकणं हा बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा भंग आहे. तो आदेश अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली येतो आणि त्यात तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्यावर फसवणुकीचा गुन्हा वेगळा. याउलट बियाणे कायदा १९६६ मध्ये पहिल्या गुन्ह्याला जेमतेम पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. पथकानं कोणतं कलम लावलं यावर आरोपी दुसऱ्या दिवशी घरी येईल की नाही हे ठरतं. म्हणून माझी विनंती आहे की बातमीत कलम लिहा.

पेरणाऱ्या शेतकऱ्याचं काय? नियमांच्या भाषेत फक्त विक्रीला नाही, वापरालाही मान्यता लागते. म्हणजे पेरणारा पूर्णपणे बाहेर नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. माझं स्पष्ट मत असं की कारवाईचा रोख साठा करणारे, पाकिटं छापणारे आणि वाहतूक करणारे यांच्यावर असावा. फसवला गेलेल्याच्या वावरात पट्ट्या बुडवून काही साधत नाही.

शेतकऱ्याच्या बियाणे हक्काचा दाखलाही चुकीचा दिला जातो. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ चं कलम ३९ सांगतं की शेतकरी आपल्या शेतातलं बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडचं नाव छापून विकू शकत नाही. फार मोलाचा हक्क आहे तो. अमेरिकेत पेटंट असलेल्या बियाण्याबाबत तो नाही. तिथं बोमन नावाच्या शेतकऱ्यानं पेटंट असलेलं सोयाबीन पुन्हा पेरलं आणि २०१३ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. त्या निकालाचे संदेश आपल्याकडे ‘बियाणं राखलं तर कंपनी वावर जप्त करते’ असे फिरतात. आपल्याकडे पेटंट कायद्याचं कलम ३ (जे) बियाणं, वाण आणि वनस्पती पेटंटमधून वगळतं. पण कलम ३९ चा हक्क म्हणजे जीईएसीची मान्यता नव्हे. एक कायदा बियाण्याच्या मालकीबद्दल आहे, दुसरा जनुकाच्या सुरक्षिततेबद्दल. पहिल्यात हक्क आहे म्हणून दुसऱ्यातली परवानगी आपोआप येत नाही.

तसंच ‘टर्मिनेटर’चं. कंपन्यांच्या बियाण्यात वांझ करणारं जनुक असतं, म्हणून राखलेली सरकी पिकत नाही, असं पुष्कळ जण मानतात. ते तंत्रज्ञान बाजारात कधी आलंच नाही, आणि वर सांगितलेल्या २००१ च्याच कायद्यानुसार तसं वाण आपल्याकडे नोंदवताही येत नाही. संकरित वाणाची राखलेली सरकी उगवते, पण सारखी निघत नाही. कारण तेच, पिढीतली वाटणी.

आरोग्याच्या भीतीबद्दल थोडक्यात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ग्लायफोसेट ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, इतर काही देशांच्या नियामक संस्था त्याशी सहमत नाहीत. हा वाद औषधाबद्दल आहे, जनुकाबद्दल नाही. यवतमाळात २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना जे मजूर-शेतकरी दगावले ते कीटकनाशकांच्या विषबाधेनं. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, वाऱ्याच्या विरुद्ध, दोन-तीन औषधं एकत्र करून फवारणी झाली होती. ते मृत्यू एचटीबीटीच्या खात्यावर टाकले की हातमोजे, मास्क आणि औषधांचं मिश्रण हा खरा प्रश्न बाजूला पडतो.

आपल्या वृत्तपत्रांनी एक फरक आवर्जून करावा. ‘बोगस बियाणं’ या एका नावाखाली तीन वेगळे गुन्हे छापले जातात. मान्यता नसलेल्या जनुकाचं बियाणं. नामांकित ब्रँडच्या पाकिटाची नक्कल. आणि परवानाधारक कंपनीचंच, पण उगवण किंवा शुद्धता कमी असलेलं बियाणं. पहिल्यात मुख्य कायदा पर्यावरणाचा, दुसऱ्यात फसवणुकीचा, तिसऱ्यात बियाण्याचा. तिसऱ्या प्रकारात शेतकऱ्याला भरपाई मिळू शकते, पहिल्यात जवळपास नाहीच. तिन्ही एकच म्हटलं की शेतकऱ्याला आपला हक्क कुठं आहे तेच कळत नाही.

भरपाईची वाट अशी आहे. बियाणं घेताना पक्कं बिल घ्यावं. त्यावर वाणाचं नाव, लॉट नंबर, वजन, किंमत आणि विक्रेत्याची सही हवी. बिल देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. बीजी-२ च्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार दरवर्षी ठरवतं. २०२५ च्या हंगामात ती ४७५ ग्रॅमला ९०१ रुपये होती. त्यापेक्षा जास्त मागणाऱ्याची तक्रार तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे करावी. पाकीट खालच्या बाजूनं कापावं, म्हणजे वरचं लेबल आणि टॅग शाबूत राहतो. रिकामं पाकीट आणि मूठभर सरकी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी. संकरित कपाशीची किमान उगवण ७५ टक्के असावी लागते. पेरण्याआधी ओल्या गोणपाटात पन्नास सरक्या रांगेत ठेवून गुंडाळाव्यात, गोणपाट ओलसर ठेवावं आणि आठ-दहा दिवसांनी चांगले कोंब मोजावेत. सरकीला औषध लावलेलं असतं, हात साबणानं धुवावेत.

उगवण फसली तर लगेच, पीक वावरात उभं असतानाच, तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. समिती वावरात येऊन पंचनामा करते. त्यात कंपनीच्या प्रतिनिधीची उपस्थिती किंवा त्याला दिलेल्या सूचनेची नोंद, ओळींतली झाडांची मोजणी, पेरणीची तारीख आणि त्या आठवड्यातला पाऊस लिहिलेला असावा. ‘उगवण कमी आढळली’ एवढ्या एका ओळीचा पंचनामा पुढं उपयोगाचा नसतो, म्हणून सही करण्याआधी वाचावा. मोडून दुबार पेरणी केली की पुरावा गेला. निदान तालुक्याची मोजणी होईपर्यंत दोन ओळी तशाच ठेवाव्यात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाणे कायदा असला तरी तो ग्राहक कायद्याखाली दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. शेतकऱ्यानं तपासणीसाठी बियाणं मागं ठेवलं नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळता येणार नाही, हाही त्या निकालातला मुद्दा आहे. बियाण्यासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर आयोगात फी नाही. मुदत दोन वर्षांची. चोर पाकिटाच्या बाबतीत यातलं एकही पाऊल टाकता येत नाही, कारण बिल नाही, लॉट नाही, विक्रेत्याचं नावही नाही.

माझ्या मते एचटी कपाशीबद्दलचा अर्ज असो वा नसो, जीईएसीनं चाचण्यांचे निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत आणि कोरडवाहू विदर्भात, तुरीच्या आंतरपिकासह, त्या बियाण्याचं काय होतं ते कृषी विद्यापीठाच्या बंदिस्त चाचणीतून लोकांसमोर आणावं. निंदणाला मजूर मिळत नाहीत ही अडचण खरी आहे आणि छाप्यांनी ती सुटत नाही. तोवर कृषी विभागानं निदान दोन कामं या पंधरवड्यातच करावीत. भिंतींवरचा जुन्या शिक्षेचा मजकूर बदलून त्या जागी आजची कलमं लावावीत, आणि प्रत्येक कृषी केंद्राच्या दर्शनी फलकावर तालुका तक्रार समितीच्या कार्यालयाचा पत्ता व फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहायला लावावा. आपल्या वृत्तपत्रानंही तालुकावार ही यादी पेरणीपूर्वी छापावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक कृषी पदवीधर, जि. यवतमाळ